लासेचं नाव कुठे गेलं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश बाललेखिकेवर अर्धं पान लेख आला होता. मुलांसाठी लिहिणाऱ्या परदेशी बाईला मराठी पेपरात अर्धं पान मिळालं, म्हणून चहा निवत ठेवून आधी तो वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. मुंबईत सदतीस वर्षं सरकारी नोकरीत लघुलेखिका होते. चुकीचा मजकूर समोर आला की हात शिवशिवतो. लेखात दोन चुका सापडल्या, आणि बाईंच्या मुलाबद्दलची, लासेबद्दलची, एक गाळलेली गोष्ट.

नोबेलचं आधी उरकते. लेखात म्हटलं आहे तसं लिंडग्रेनबाईंना नोबेल मिळालेलं नाही. त्यांना 1958 साली बालसाहित्यासाठीचं हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळालं. त्यांच्या मृत्यूनंतर 2002 मध्ये स्वीडन सरकारनं त्यांच्या नावानं बालसाहित्याचा पुरस्कार सुरू केला, त्याची रक्कम पन्नास लाख क्रोनर आहे. लेखकाच्या मनात कदाचित या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील. ठीक आहे, होतं असं.

पण ‘आजारी मुलीच्या उशाशी बसून आईनं टाइपरायटरवर पिप्पीची गोष्ट लिहिली’ हे वाक्य मला सोडवत नाही. पिप्पी म्हणजे बाईंच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाची नायिका. मुलगी आजारी होती 1941 च्या हिवाळ्यात. कारिन तिचं नाव, सात वर्षांची, न्यूमोनिया झालेला. तिनंच ‘पिप्पी लाँगस्ट्रुम्प’ असं एक विचित्र नाव बनवलं आणि आईला म्हणाली, हिची गोष्ट सांग. नाव विचित्र म्हणून मुलगीही विचित्र. पुढची दोन-तीन वर्षं ती गोष्ट नुसती तोंडी चालली. कागदावर उतरली ती 1944 च्या मार्चमध्ये. बाई बर्फावरून घसरल्या, घोटा मुरगळला, अंथरुणात पडून राहावं लागलं. तेव्हा त्यांनी गोष्ट लिहून काढली, आणि ती लघुलिपीत, म्हणजे शॉर्टहँडमध्ये! टंकलेखन नंतर झालं, कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला 21 मे रोजी भेट द्यायची म्हणून.

एवढ्याशा फरकासाठी बाई भांडतेय, असं आपणाला वाटेल. पण या फरकात त्या बाईचं अर्धं आयुष्य आहे. लघुलिपी ही काही लेखिकेची हौस नव्हती. पोटासाठी शिकलेली विद्या होती. 1926-27 मध्ये स्टॉकहोमला टंकलेखन-लघुलेखनाचा वर्ग करून त्या कचेरीत लागल्या. पुढे ऑटोमोबाइल क्लबच्या कार्यालयात होत्या. हॅरी सोडरमन नावाच्या गुन्हेशास्त्रज्ञाकडे लघुलेखिका होत्या, आणि त्यातूनच त्यांना पोरसवदा डिटेक्टिव्हच्या गोष्टी सुचल्या. महायुद्धात सरकारच्या गुप्त टपाल तपासणी खात्यात बसून लोकांची पत्रं उघडून वाचायचं काम केलं, त्याला त्या स्वतःच घाणेरडं काम म्हणत. आमच्या खात्यात गोपनीय अहवाल टाइप करताना मलाही तसंच वाटायचं, पण ते असो.

मुख्य गोष्ट अशी, की मोठी लेखिका झाल्यावरही त्यांनी वही सोडली नाही. सकाळी अंथरुणातच बसून लघुलिपीत कच्चा मजकूर लिहायचा, मग टाइप करायचा, आणि दुपारी प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन दुसऱ्यांची पुस्तकं तपासायची. 1946 ते 1970 त्या राबेन अँड शोग्रेन या प्रकाशनसंस्थेत बालविभागाच्या संपादक होत्या. अशा सुमारे 670 वह्या स्टॉकहोमला जपून ठेवल्या आहेत. बरीच वर्षं सगळे म्हणत, या वाचता येणार नाहीत. अलीकडे तिथल्या संशोधकांनी संगणक लावून आणि लघुलिपी येणाऱ्या लोकांची मदत घेऊन त्या उलगडायला घेतल्या. हे कळलं तेव्हा मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. आमची पिटमन, त्यांची मेलिन पद्धत; रेघा निराळ्या. पण जगात कुठेतरी आम्हा लोकांची गरज पडली! आमच्याकडे संगणक आल्यावर आम्हाला ‘आता तुमचं काय काम’ म्हणून विचारणारे साहेब मला अजून आठवतात.

आता गाळलेल्या मजकुराकडे येते. लेखात एक वाक्य आहे: ‘पती स्टुरे आणि दोन मुलं असा त्यांचा सुखी संसार होता.’ दोन मुलांपैकी कारिन स्टुरेंची. लार्स, घरातला लासे, त्यांचा नव्हे. 1931 साली लग्न झालं तेव्हा लासे चार वर्षांचा होता. ही माहिती कुठे दडलेली नाही, त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहे. मग आपल्या लेखकानं ती का वगळली? कुटुंबात वाचायची पुरवणी म्हणून?

वगळलेलं मी थोडक्यात सांगते. बाईंचा जन्म 14 नोव्हेंबर 1907 चा. बालदिनाची तारीख, हा योगायोग मात्र लेखकानं टिपला आहे! गाव विमरब्यू, स्मोलांड प्रांतात. वडील चर्चच्या मालकीची शेती खंडानं कसत, म्हणजे आपल्याकडचं कूळ म्हणा. चार भावंडं, शेत, गोठा, चढायला पोकळ बुंध्याचं झाड. पहिली गोष्ट त्यांनी ऐकली ती गुराख्याच्या स्वयंपाकघरात, गुराख्याच्या मुलीनं वाचलेली. शाळा झाल्यावर गावच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करू लागल्या. अठराव्या वर्षी त्या पत्राच्या संपादकापासून दिवस गेले. (आपण संपादक आहात म्हणून हे वाक्य मी गाळणार नाही.) तो वयानं वडिलांएवढा, मुलाबाळांचा, घटस्फोटाच्या खटपटीत. तो लग्नाला तयार होता. हिनं नकार दिला.

गावात राहणं अशक्य झालं. 1926 मध्ये एकटी स्टॉकहोमला आली. तिथे एका वकीलबाईकडे गेली. एव्हा अँडेन, स्वीडनच्या वकील संघटनेतली पहिली महिला सदस्य. त्यांनी वाट दाखवली. स्वीडनमध्ये बाळंत झालीस तर बापाचं नाव सांगावं लागेल. कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमध्ये ते विचारत नाहीत. 4 डिसेंबर 1926 ला तिथे लासे जन्मला. त्याला कोपनहेगनमध्येच मारी स्टीव्हन्स नावाच्या बाईकडे सांभाळायला ठेवून ही एकोणीस वर्षांची पोर स्टॉकहोमला परतली, टंकलेखनाच्या वर्गात. पैसे जमले की स्वस्तातलं तिकीट काढायचं, रात्रभर गाडीत बसून कोपनहेगनला जायचं, मुलाबरोबर एक दिवस घालवायचा, रात्रीची गाडी पकडून सोमवारी कचेरीत हजर. असं तीन वर्षं. मग त्या सांभाळणाऱ्या बाई आजारी पडल्या, आणि 1930 च्या जानेवारीत तिनं त्याला आपल्या भाड्याच्या खोलीवर आणलं. पोरगा डॅनिश बोलणारा, डांग्या खोकल्यानं बेजार. तो रडायचा तेव्हा आवाज न करता रडायचा, असं तिनं पुढे सांगितलं आहे. मोठ्यानं रडून उपयोग नाही, ही माणसं करायचं तेच करणार, असं त्याला कळल्यासारखं.

इथे मी त्यांचं चरित्र मिटलं होतं. दोन दिवस उघडलं नाही.

कारण मी वेंगुर्ल्याची. माझा मुलगा 1979 चा. लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात नवरा, दोन दीर, गावाहून आलेला एक कोणीतरी पाव्हणा कायमचा. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न कुणी मांडलासुद्धा नाही, उत्तर ठरलेलं होतं. माझी आई वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत होती. मूल तिच्याकडे गेलं, आणि मी मुंबईला. वर्षभरात आणीन म्हणत होते. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, नवऱ्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि घर माझ्या पगारावर आलं. मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत वाडीतच राहिला.

मला लग्न होतं, नवरा होता, समाज होता; ॲस्ट्रिडला यातलं काही नव्हतं. दोन्ही गोष्टी एक म्हणायचा मूर्खपणा मी करणार नाही. पण परळ डेपोतून संध्याकाळी सुटणारी एस.टी. मला माहीत आहे. कशेडीत होणारी उलटी माहीत आहे. कुडाळला उजाडायचं, आणि मग पुढच्या तासाभरात पोटात गोळा. चवथीला आणि मे महिन्यात, वर्षातून दोनदा. पहिल्या वर्षी त्यानं ओळखलं नाही, ते साहजिक होतं. तिसऱ्या वर्षी मी ओटीवर पिशवी ठेवली तर तो माडाच्या आडून बघत आईला म्हणाला, “आये, ही बाय खंयची गो?” आई म्हणाली, “अरे, तुझी आवस ती. जा बघया तिच्याकडे.” तो आला, शहाण्यासारखा नमस्कार करून गेला. पाव्हण्यांना करतात तसा.

आमच्या कोकणात ही काही खास गोष्ट नाही, प्रत्येक वाडीत अशी दोन-चार मुलं होती. मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणून आपल्यावर अग्रलेख लिहिले जातात. मनीऑर्डर पाठवणारा पुरुष त्यात असतो. मूल गावी ठेवून पैसे पाठवणारी बाई मी तरी कुठल्या अग्रलेखात वाचली नाही.

म्हणून मला लासे गाळल्याचा राग आला. लासे काढलात की उरते एक गोड आजीबाई, जिच्या मुलीला न्यूमोनिया झाला आणि जगाला एक गंमतीदार पुस्तक मिळालं. लासे ठेवलात की तीच पुस्तकं निराळी दिसतात. पिप्पी बघा. नऊ वर्षांची, आई स्वर्गात, बाप समुद्रात वाहून गेलेला, घरात एकटी राहते, सोबतीला घोडा आणि माकड. पण तिच्यापाशी सोन्याच्या नाण्यांची पेटी आहे आणि ती घोडा उचलते! एकट्या राहिलेल्या मुलाला जगात ज्याची म्हणून गरज पडेल ते सगळं त्या बाईनं तिला देऊन टाकलं. 1954 चं ‘मिओ’ तर परक्या घरी वाढणाऱ्या, बापाला शोधणाऱ्या मुलाचंच आहे. माझ्या मते तेच त्यांचं सर्वांत चांगलं पुस्तक, पिप्पीपेक्षाही. ते मला मुलानंच पुण्याहून आणून दिलं. तो स्वतः वाचून आणून दिलं की नुसतं दुकानातून उचललं, हे मी विचारलेलं नाही.

आपल्या लेखात एक किस्सा विनोद म्हणून दिला आहे. पिप्पीचं हस्तलिखित बोनियर या मोठ्या प्रकाशकाला पाठवताना बाईंनी सोबतच्या पत्रात लिहिलं, की आपण बालकल्याण समितीला कळवणार नाही अशी आशा आहे. (प्रकाशकानं ते हस्तलिखित परत केलं; दुसऱ्या वर्षी राबेन अँड शोग्रेनच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि 1945 च्या नोव्हेंबरात पुस्तक आलं.) विनोद आहेच. पण त्या काळी स्वीडनमध्ये लग्नाविना झालेल्या मुलावर सरकारी पालक नेमला जाई, आणि हे वाक्य लिहिणारी बाई आपलं मूल परदेशात जन्माला घालून आलेली होती. हे ठाऊक असलं की त्या वाक्यावर हसू वेगळं येतं.

करांचं प्रकरण लेखकानं पाऊण रकाना रंगवलं आहे. 1976 साली त्यांच्या उत्पन्नावर 102 टक्के कर निघाला, त्यांनी वर्तमानपत्रात उपरोधिक परीकथा लिहिली, अर्थमंत्री म्हणाले बाईंना गोष्टी सांगता येतात पण हिशेब येत नाही, आणि हिशेब बाईंचाच बरोबर निघाला. त्याच वर्षी चार दशकं राज्य करणारा पक्ष निवडणूक हरला. मजेचं आहे. पण पाऊण रकाना त्याला, आणि 1978 च्या फ्रँकफुर्टच्या भाषणाला एक ओळ?

त्या भाषणाबद्दल मी लिहिणारच. जर्मन पुस्तकविक्रेत्यांनी त्यांना शांतता पुरस्कार दिला. भाषण आधी मागवून वाचलं आणि सुचवलं, की भाषण राहू द्या, नुसता पुरस्कार घ्या. बाई म्हणाल्या, मग मी येतच नाही. शेवटी भाषण झालं. विषय होता मुलांना मारू नका. त्यात त्यांनी एका आईची गोष्ट सांगितली. मुलानं काही आगळीक केली, आईनं त्यालाच फोक तोडून आणायला पाठवलं. तो बराच वेळ आला नाही. मग रडत आला आणि म्हणाला, फोक मिळाला नाही, पण हा दगड घे, हा तू मला मारू शकशील. आईला आपल्याला दुखवायचंच आहे, तर दगडानंही चालेल, असं त्याला वाटलं. त्या आईनं तो दगड स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या वर्षी, 1979 मध्ये, मुलांना घरातसुद्धा मारायला बंदी करणारा स्वीडन जगातला पहिला देश झाला. आपल्याकडे शाळेतली छडी बंद व्हायला 2009 चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला. घराचं अजून नाव नको.

1984 च्या जूनमध्ये मी मुलाला लालबागला आणलं. शाळा सुरू झाली. तो मला आई म्हणेना. ‘गो’ म्हणायचा, ‘अगो’ म्हणायचा, नाहीतर समोर येऊन उभा राहायचा. एकदा शेजारणीसमोर “माका आयेकडे जावचा” म्हणाला आणि मी त्याच्या कानाखाली दिली. तो रडला. आवाज न करता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण पत्राला नाव देणार नाही.

निवृत्त झाल्यावर मी वेंगुर्ल्याला परत आले. शनिवारी दुपारी ओटीवर वाडीतली आठ-दहा पोरं जमतात, त्यांना गोष्टी वाचून दाखवते. पिप्पी मी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मालवणीत सांगते. घोडा उचलण्यावर पोरं विश्वास ठेवत नाहीत, पण शिक्षिकेला उलट उत्तरं देण्यावर लगेच ठेवतात. पिप्पीचा बाप लाटेबरोबर वाहून गेला, पण तो पोहत बेटावर पोचला असेल आणि येईल असं ती सगळ्यांना ठासून सांगते, या जागी मी थोडी थांबले. मला वाटलं, पोरं गप्प होतील. एक सात वर्षांचा म्हणाला, “येतलो तो. माझो बापूस पण बोटीर आसा, सा म्हयन्यांनी येता.” आणि पुढे वाच म्हणून हातानं खूण केली.

तेव्हा विनंती अशी, की नोबेलची आणि टाइपरायटरची दुरुस्ती आपण छापालच, त्याबरोबर लासेचीही छापावी. एका ओळीत होईल: ‘लार्स हा लिंडग्रेन यांचा विवाहापूर्वीचा मुलगा असून पहिली तीन वर्षं तो कोपनहेगनमध्ये सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे होता.’ शब्द मोजले आहेत, पंधरा आहेत. जागा नसेल तर अर्थमंत्री काढा.

आणखी एक, छापलं नाही तरी चालेल. लिंडग्रेनबाईंच्या 670 वह्यांचं वाचल्यावर मी पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. नोकरीतल्या वह्या नियमानं जमा करून टाकायच्या असत, पण एक राहिली आहे, 1981-82 ची. पुढून साहेबांचं डिक्टेशन आहे. मागून, डब्याच्या सुट्टीत, मी मुलाला लिहीत असे. त्याला अक्षरओळख नव्हती आणि आईला वाचून दाखवायला संकोच, म्हणून ते पाठवायचं नव्हतंच. लघुलिपीत लिहिलं की ते कामासारखं दिसे, एवढंच. घाईत स्वर लावलेले नाहीत. जाड रेघ आणि बारीक रेघ पेन्सिल झिजल्यानं एकसारखी झाली आहे, त्यामुळे ‘प’ की ‘ब’ ते संदर्भावरून ठरवावं लागतं, आणि संदर्भ मीच विसरले आहे. या पावसाळ्यात रोज थोडं उतरवते आहे. आतापर्यंत सात पानं झाली. दुसऱ्या पानावर एक शब्द आहे, तो ‘बाळ’ही असू शकेल आणि ‘पळ’ही, तो तसाच रिकामा सोडला आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका, वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
(नाव आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिलं आहे. छापू नये.)